वसिष्ठाशेजारचा लहान बल्ब

३ फेब्रुवारी

ताई,

मायना काय लिहावा यावर दोन संध्याकाळी घालवल्या. ‘तीर्थस्वरूप’ लिहावं तर तू हसशील, ‘प्रिय’ लिहावं तर संशय घेशील. म्हणून नुसतं ताई. साष्टांग नमस्कार आहेच, पण गुडघ्यांमुळे हल्ली आठांपैकी सहाच अंगं जमिनीला टेकतात. बाकीची दोन टेकली असं समज.

कामाचं सांगतो. आपलं थिएटर पाडतायत. त्या जागी सात मजली वाहनतळ होणार. नगरपालिकेला अशा वेळी पश्चात्ताप होतो, आणि पश्चात्ताप झाला की ती स्मरणिका काढते. इतिहास लिहायला माणूस हवा होता. गावात संस्कृतचा एकच मास्तर उरलाय आणि त्याच्याकडे वेळच वेळ असतो हे सगळ्यांना ठाऊक, त्यामुळे शोधाशोध फार करावी लागली नाही.

लिहायला बसलो तेव्हा लक्षात आलं की माझ्याकडे तारखा आहेत, थिएटर तुझ्याकडे आहे. चार वर्षं तू तिकीटखिडकीत होतीस. त्या अर्धगोल भोकातून तुला अख्ख्या गावाचे हात दिसायचे, चेहरे नाही. हातावरून माणूस ओळखायचीस तू. तेवढी दोन पानं लिहून पाठवशील का?

माझ्याकडे जमलंय ते असं. थोरल्या मालकांनी थिएटर बांधलं तेव्हा चित्रपट मुके होते. पडद्यापुढे खड्डा होता आणि त्यात अकरा वादक बसायचे. पुढे चित्रपट बोलू लागले आणि वादक मुके झाले. खड्ड्यावर फळ्या पडल्या, त्यावर पहिली रांग आली. जिन्याचा पितळी कठडा कुणी कधी घासला नाही. येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या तळव्यांनीच तो नव्वद वर्षं लखलखत राहिला. मधल्या दालनातल्या झुंबराला धाकटे मालक ‘आमच्या मातोश्री’ म्हणायचे, कारण तेही हलवायला चार माणसं लागायची.

आणि मग आभाळ. धाकट्या मालकांनी परदेशात कुठेतरी पाहिलं आणि परत आल्या आल्या बाबांना बोलावलं. म्हणाले, “वायरमन, मला छतावर चांदण्या हव्यात.” बाबांनी विचारलं, “किती?” ‘का’ नाही, ‘कशा’ नाही. किती. चारशे ऐंशी ठरल्या. उगीच शिंपडलेल्या नाहीत, खऱ्या आकाशातल्या. पडदा उत्तरेच्या भिंतीला, म्हणून ध्रुव बरोबर पडद्याच्या वर, छताच्या मधल्या रेषेवर.

ती पहिली संध्याकाळ मी स्मरणिकेत लिहिली आहे. तिसरी घंटा झाली. भिंतींवरचे दिवे विझले. काळोखात कुणीतरी खोकलं. आणि वर एक चांदणी लागली. मग चार, मग चाळीस. बाबांनी त्यांचे बारा भाग पाडले होते आणि एकेक खटका ते सावकाश दाबत होते, खऱ्या सांजवेळेसारखं. छत उरलंच नाही. अकराशे माणसांनी एकाच वेळी श्वास आत घेतला, आणि तो आवाज, ताई, मी त्यानंतर कधी ऐकला नाही. इतक्या माणसांना एकदम आपण लहान आहोत हे कळलं आणि कुणालाही त्याचं वाईट वाटलं नाही.

त्यानंतर जे झालं ते स्मरणिकेत येणार नाही. काळजी नसावी.

आमच्या शास्त्रात एक स्थूलारुंधतीन्याय आहे. अरुंधतीची चांदणी इतकी बारीक की एकदम दिसत नाही. म्हणून आधी तिच्याशेजारचा ठळक वसिष्ठ दाखवायचा, नजर तिथे ठरली की मग ती. तर हे पत्र वसिष्ठ समज.

बाबा बरे आहेत. ऐंशी झाले. डोळे गेले, जीभ शाबूत आहे.

तुझा,
पंडित

(ही पदवी तूच दिलेली आहेस. परत घेतली असशील तर कळव.)


२१ फेब्रुवारी

ताई,

तुझं पत्र पोचलं. पत्र म्हणजे ओळ. ओळ म्हणजे अशी: “आभाळ उलटं होतं हे लिही. खोटा इतिहास लिहू नकोस.”

अठ्ठावीस वर्षांत तुझं अक्षर बदललं नाही, आणि मताचंही तेच. बरं वाटलं.

वाचलं आणि लिहिल्यावाचून गत्यंतर उरलं नाही. त्या संध्याकाळी अकराशे माणसं गप्प असताना तू हसलीस. आईशेजारून, खणखणीत आवाजात म्हणालीस, “बाबा, हे आरशातलं आकाश आहे. सप्तर्षींची शेपटी भलत्या बाजूला वळलीय. आणि वसिष्ठाशेजारी अरुंधती कुठाय?” आधी पुढची रांग हसली, मग बाल्कनी. मालकांनी विचारलं, “चूक कुणाची?” बाबा टोपी हातात घेऊन उभे राहिले. “माझी.” दुसऱ्या दिवसापासून सगळं गाव ‘उलट्या आभाळात भेटू’ म्हणायला लागलं. लोकांनी ते प्रेमानं म्हटलं असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगतोय.

घरी आल्यावर तू विचारलंस, “नकाशा कुणी वाचला?” आणि बाबा म्हणाले, “तू तिकिटं फाडायचं बघ.” त्यांच्या तोंडून तसलं वाक्य त्याआधी कधी आलं नव्हतं, नंतरही नाही. तीन महिन्यांत तू शिष्यवृत्ती मिळवून परदेशी गेलीस. ते पुस्तक तुझं होतं, शाळेत बक्षीस मिळालेलं. रात्रीचं आकाश गच्चीवर चटई टाकून पाठ केलंस तू, आणि नकाशा वाचायला बाबांनी बोलावलं कॉलेजात शिकणाऱ्या मुलाला. याचा राग तुला आला नसता तर तू आमची ताई नसतीस.

असो. मंगळवारी मी वर जाऊन आलो. वर म्हणजे छताच्या वर.

पाडकामाचा ठेका एका बाईंकडे आहे. बोलणं मोजून मापून, विटा मोजाव्यात तसं. मी म्हटलं, छतावर जायचंय.

“काय बघायला?”

“आभाळ.”

“आभाळ बाहेर आहे, सर.”

“हे वेगळं आहे.”

त्यांनी माझ्या डोक्यावर हेल्मेट ठेवलं. “वेगळं असलं तरी डोक्यावरच पडतं.”

प्रोजेक्टरच्या खोलीमागची लोखंडी शिडी आठवते? तिथून वर गेलं की पत्र्याचं छप्पर आणि खालचं नक्षीचं प्लास्टर यांच्यामध्ये एक पोकळी आहे, उभं राहता येईल एवढी. तिथे फक्त तुळयांवर पाय ठेवायचा. बाबांचा नियम एकच होता: “प्लास्टरवर पाय पडला तर खाली अकराशे माणसं आहेत, आणि त्यांनी तुला बघायचं तिकीट काढलेलं नाही.” मी बॅटरी फिरवली आणि, ताई, मला बसावं लागलं. तुळईवरच बसलो. जिथवर उजेड पोचत होता तिथवर पांढरे चिनीमातीचे होल्डर, ओळीनं नाहीत, विखुरलेले, खऱ्या आकाशासारखे, आणि प्रत्येकापासून एक वायर निघालेली. कुठेही गाठ नाही, गुंता नाही. शेकडो वायरी एकमेकींना वाट देत बारा खटक्यांपर्यंत गेलेल्या. मी आयुष्यभर व्याकरण शिकवलं. इतकी शिस्त मला फक्त एका ग्रंथात दिसली आहे, आणि त्याच्या कर्त्याला हातात पक्कड धरून काम करावं लागलं नव्हतं.

प्रत्येक होल्डरवर शिसपेनीनं बल्ब बदलल्याची तारीख. तुला ठाऊक आहे ती सवय. मी वाचत वाचत पडद्याच्या बाजूला गेलो. ध्रुव सापडला. त्याच्या एका अंगाला सात भोकं प्लास्टर भरून बुजवलेली. दुसऱ्या अंगाला सात नवी भोकं पाडलेली, सात होल्डर. शेपटीची वळण्याची दिशा बदललेली.

बाबांनी सप्तर्षी सुलटे केले होते, ताई. अख्ख्या उलट्या आभाळात तेवढेच.

आणि वसिष्ठाच्या होल्डरला चिकटून एक इवलासा होल्डर. त्यात बॅटरीचा बल्ब.

या आठांवर शिसपेनीनं पहिली तारीख आहे तू गेलीस त्याच्या दुसऱ्या आठवड्यातली. बाकी बल्ब गेले की बदललेले, तारखा कुठल्याही. या आठांवर मात्र एकाखाली एक, दर वर्षी, सतरा मे. बल्ब जायची वाट न बघता. निवृत्त झाल्यावरही, अगदी डोळे जाईपर्यंत. सतरा मे कुणाचा वाढदिवस हे मी तुला सांगायला नको.

स्मरणिकेत मी लिहिलं: ‘छतावरील आकाश नकाशा वाचण्यातील चुकीमुळे उलट लागले.’ आता झालं ना समाधान? कागद कुणी कसा धरला होता, हे इतक्या वर्षांनी कोण सांगणार?

तुझा,
पंडित


९ मार्च

ताई,

“कोण सांगणार” या वाक्याखाली तू लाल रेघ मारून माझंच पान मला परत पाठवलंस. चाळीस वर्षांपूर्वी माझी वही तपासायचीस तशी. शेरा नाही. नुसती रेघ.

मी सांगतो.

बाबांनी तुझ्या पुस्तकातलं आकाश पातळ कागदावर उतरवलं होतं, जेवणाच्या टेबलाएवढ्या. छपाईतलं आकाश खालून वर बघणाऱ्यासाठी असतं. बाबा भोकं पाडणार होते वरून. भरतकाम मागच्या बाजूनं करायचं झालं तर नमुना पालथा घालावा लागतो, हे आईला माहीत होतं, तुला होतं, आणि ज्या माणसानं जन्मभर भिंतीच्या एका बाजूला खटका बसवून दुसऱ्या बाजूला दिवा लावला त्याला तर होतंच. बाबांनी कागद पालथा घातला होता. बरोबर घातला होता.

मी शिडीवरून आलो, हातात तुझं पुस्तक. बघितलं तर पुस्तकात पूर्व डावीकडे, बाबांच्या कागदावर उजवीकडे. मी म्हटलं, “बाबा, कागद उलटा आहे.”

ते म्हणाले, “अरे, आपण वरून बघतोय.”

मी म्हटलं, “ग्रंथात आहे तसंच हवं.” ‘ग्रंथ’ म्हटलं मी. चित्रांच्या पुस्तकाला.

 बाबांनी चार कोपऱ्यांचे खिळे काढले आणि कागद उलटवला. जग ‘बाबावाक्यं प्रमाणम्’ म्हणतं. आमच्या घरात उलटं निघालं.

तर ती अरुंधती ही. इतकी बारीक की सगळं थिएटर उभं करून दाखवावी लागली.

तू “नकाशा कुणी वाचला?” विचारलंस तेव्हा मी दाराशी उभा होतो. परीक्षा पंधरा दिवसांवर होती. बाबांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्यांना तुझा प्रश्न तिथेच थांबवायचा होता आणि हाताला जे वाक्य लागलं ते त्यांनी फेकलं. ते तुला लागलं. मला झाकायला फेकलेलं होतं. मी गप्प राहिलो. एक दिवस गप्प राहिलं की दुसऱ्या दिवशी सोपं जातं, आणि अठ्ठावीस वर्षांनी ती सवय वाटत नाही, स्वभाव वाटतो.

तुला लिहिण्याआधी त्यांना सांगावं म्हणून परवा सकाळी त्यांच्याजवळ बसलो.

“बाबा, कागद तुम्ही बरोबर धरला होता.”

“ठाऊक आहे.”

“कधीपासून?”

“धरला तेव्हापासून.”

“मग माझं ऐकलंत का?”

त्यांनी चहा संपवला. “जन्मात पहिल्यांदा तू काहीतरी खात्रीनं सांगत होतास. म्हटलं, शिकलाय पोरगा, असेल काहीतरी.”

“आणि ताईला का नाही कळवलंत? सप्तर्षी सुलटे केले ते?”

“तिनं चूक दाखवली. मी दुरुस्त केली. यात कळवायचं काय? फ्यूज बसवल्यावर वायरमन पत्र लिहितो का?” मग म्हणाले, “वाटलं, कधीतरी येईल, खुर्चीत बसेल, वर बघेल. तिला सांगावं लागत नाही. तिला दिसतं.”

मी विचारलं, सगळंच आभाळ का नाही सुलटं केलं? म्हणाले, “तिनं सप्तर्षींबद्दलच तक्रार केली होती.”

थिएटरचं छत दोन एप्रिलला उतरवणार आहेत. तू रागाव, माझ्यावर. तो पत्ता बरोबर आहे. त्यांच्या नावावर गेलेलं माझ्या नावावर घाल.

तुझा,
(पदवी तूच ठरव)


४ एप्रिल

ताई,

तुझा निरोप आला तो असा: “ठेकेदारबाईंना सांग, छत उतरवण्याआधी एकदा दिवे लावा. रविवारी चार वाजता फोन करते. फोन वर धर आणि हलवू नकोस.” माझ्यासाठी त्यात एक शब्द नव्हता. ‘हलवू नकोस’ हा माझ्यासाठी आहे असं मी धरून चाललोय.

बाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, “वीज तोडलीय.” मी म्हटलं, ठाऊक आहे. “वेळापत्रकात बसत नाही.” तेही ठाऊक आहे. त्यांनी विचारलं, “कुणासाठी?” मी सांगितलं. सगळं सांगितलं, सवय मोडायची तर कुठूनतरी सुरुवात हवी. त्या एवढंच म्हणाल्या, “जनरेटर आणते.”

फोनमध्ये तू जे पाहिलंस आणि ऐकलंस ते परत लिहीत नाही. फोनच्या चौकटीत जे आलं नाही तेवढं लिहितो.

बाबांना आम्ही मधल्या रांगेत बसवलं. खटके दाबायला ते कुणालाही हात लावू देणार नव्हते, म्हणून बाईंनी बाराही खटक्यांची फळी काढून, वायर वाढवून त्यांच्या मांडीवर आणून ठेवली. पाडकामाचे वीस-बावीस कामगार मागे येऊन बसले. उजेड आत येऊ नये म्हणून बाईंनी खिडक्यांच्या भगदाडांवर ताडपत्र्या टाकल्या होत्या. थिएटरात अर्ध्याच खुर्च्या उरल्यात, झुंबर गेलंय, पडद्याच्या जागी विटा. आणि बाबांनी पहिला खटका दाबला.

चारशे ऐंशींपैकी साधारण तीनशे लागल्या. पुरेशा होत्या. छत पुन्हा उरलं नाही. ज्या माणसांनी सोमवारी तेच छत फोडायचं होतं त्यांनी डोक्यावरची हेल्मेटं काढून मांडीवर घेतली. कुणी सांगितलं नव्हतं. आणि तो आवाज, ताई. बावीस माणसांचा होता, अकराशेंचा नव्हता, पण तोच.

बाबांनी मान मागे टाकली होती. डोळे नाहीत. त्यांनी बोट वर केलं आणि नेमकं वसिष्ठावर धरलं. मी बोटाच्या रेषेत बघून खात्री केली. तसूभरही चूक नाही. तेव्हाच तू फोनमधून म्हणालीस, “बाबा, अरुंधती दिसतेय.”

ते म्हणाले, “अंधुक असेल. बॅटरीचा बल्ब आहे.”

तू म्हणालीस, “ती अंधुकच असते, बाबा.”

यानंतर फोन माझ्या हातात हलला. तू रागावलीस ते योग्यच. पण कारण तुला दिसलं नाही. बाबांनी खाली घेतलेला हात माझ्या गुडघ्यावर ठेवला होता. दोनदा थोपटलं. खटका बसला की वायरमन थोपटतो, तसं.

तुम्ही दोघं पुढे पाऊण तास वायरिंगवर बोललात. मी अठ्ठावीस वर्षांची क्षमा अपेक्षून फोन धरून उभा, आणि तुमचं चाललेलं, तांब्याची वायर चांगली की ॲल्युमिनियमची. शेवटी तू म्हणालीस, “पंडितला दे.” मी फोन कानाला लावला. तू म्हणालीस, “स्मरणिकेत दुरुस्ती कर.” आणि ठेवलास. पदवी परत मिळाली हे ध्यानात आलं आहे.

दुरुस्ती केली. छापखान्यात जाऊन उभ्यानं केली. आता वाक्य असं: ‘छतावरील आकाश उलट लागले. चूक प्रस्तुत लेखकाची. त्यातील सप्तर्षी वायरमनने नंतर आपल्या मुलीच्या सांगण्यावरून सुलट केले.’ छापणारा म्हणाला, “सर, एवढं कशाला? कोण वाचतंय?” मी म्हटलं, एक जण वाचते. लाल पेन घेऊन.

दोन तारखेला छत उतरलं. मी गेलो होतो. रात्री आठच्या सुमाराला धूळ बसली. भिंती उभ्या होत्या, वर काही नव्हतं, आणि जिथे छत होतं तिथे खरे सप्तर्षी उगवत होते, ईशान्येकडून. शेपटी कुठल्या बाजूला वळलीय हे मी अगदी नीट बघून घेतलं. आयुष्यात पहिल्यांदा, पुस्तक हातात न घेता. ठेकेदारबाई शेजारी उभ्या होत्या. म्हणाल्या, “हे पाडता येत नाही.” विनाकारण बोललेलं वाक्य मी त्यांच्याकडून पहिल्यांदाच ऐकलं.

सोबत एक खोका पाठवतोय. त्यात कापूस भरून सात मोठे होल्डर आहेत आणि एक लहान. शिसपेनीच्या तारखा पुसू नकोस. बाईंनी ते स्वतः काढून दिले, तुळयांवरून चालत, एकदाही प्लास्टरवर पाय न ठेवता, जरी तासाभरात ते सगळंच खाली येणार होतं.

तू राहतेस तिथून, पृथ्वीच्या पार दक्षिण टोकाकडून, सप्तर्षी दिसत नाहीत असं तूच एकदा कळवलं होतंस. तर आता तुझ्या छताला लाव. मात्र तू भोकं वरून पाडणार असशील आणि खालून बघणार असशील, तर कागद कसा धरायचा हे मला विचारू नकोस. बाबांना विचार. रविवारपासून ते फोनशेजारीच बसून असतात.

तुझा,
पंडित